सुजलेल्या पायाच्या आधी

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या पट्ट्यात हत्तीरोग म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गुडघ्याखाली जाड आणि खडबडीत झालेला पाय, किंवा पुरुषांमधली अंडवृद्धी, हीच या रोगाची सर्वांना असलेली ओळख. पण हा पाय रोगाची सुरुवात नसतो. बहुतेक वेळा तो रोगाचा फार उशिरा उमटलेला परिणाम असतो. वर्षानुवर्षे पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात रोगाचे जंत बहुधा सापडतच नाहीत, त्यामुळे डासाला त्याच्याकडून पुढे नेण्यासारखे काही उरलेले नसते. शेजारच्या घरातला धडधाकट तरुण मात्र रक्तात हजारो सूक्ष्म जंत घेऊन रोज शेतावर जात असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. हत्तीरोगाचा अभ्यास जेव्हा जेव्हा पुढे सरकला, तेव्हा त्याने नजर पायावरून काढून दुसरीकडे नेली : आधी रक्ताकडे, मग डासाकडे, मग गटाराकडे आणि शेवटी निरोगी दिसणाऱ्या माणसांकडे. रोग कसा पसरतो हे कळण्यासाठी नजरेचा हा प्रवास आवश्यकच होता. पण त्या प्रवासात तो पाय बाळगून जगणारा माणूस मागे पडला, आणि रोग हटवण्याच्या मोहिमा अडखळतात त्याचे एक मोठे कारण या दुराव्यात आहे, असे माझे मत आहे. प्रस्तुत पुस्तकाकडे मी त्याच दृष्टीने पाहतो.

आधी रोगाचा कर्ता कोण ते पाहू. माणसाला हत्तीरोग देणारे धाग्यासारखे जंत तीन जातींचे आहेत : वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी, ब्रुगिया मलायी आणि ब्रुगिया तिमोरी. जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्या जातीचे, आणि भारतात तर जवळपास सगळेच. नर जंत सुमारे चार सेंटीमीटर लांब, मादी आठ ते दहा सेंटीमीटर. जाडी मात्र केसाइतकी. त्यांचे घर म्हणजे लसिकावाहिन्या. रक्तवाहिन्यांतून ऊतींमध्ये झिरपलेला द्रव परत रक्तात नेऊन सोडणारे हे जाळे शेतातले जादा पाणी वाहून नेणाऱ्या चरांसारखे काम करते, आणि जंतांची जोडी नेमकी तिथे पाच-सहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ संसार थाटते. मादी अंडी घालत नाही; ती लाखो सूक्ष्म पिल्ले सोडते. मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी ही पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात उतरतात, पण माणसाच्या शरीरात त्यांची वाढ होत नाही. वाढण्यासाठी त्यांना डासाच्या पोटात जावेच लागते. तिथून ती डासाच्या छातीच्या स्नायूंत शिरतात, दहा ते चौदा दिवसांत दोनदा कात टाकतात आणि संसर्गक्षम होऊन डासाच्या सोंडेपाशी येतात. इथे हिवतापाशी एक महत्त्वाचा फरक आहे. हिवतापाचा परजीवी डासात शेकडोपटींनी वाढतो. हत्तीरोगाचा जंत डासात संख्येने वाढत नाही. जितके आत गेले तितकेच, किंबहुना त्याहून कमीच, बाहेर येतात. शिवाय ते सुईने टोचल्यासारखे थेट रक्तातही जात नाहीत. डास चावत असताना ते कातडीवर उतरतात आणि त्या छिद्रातून आपली वाट शोधतात. कातडी कोरडी असेल तर कित्येक तिथेच मरतात.

म्हणजे या रोगाचा प्रसार फारच कच्च्या दोऱ्यावर चालतो. १९६० च्या दशकात रंगूनमध्ये झालेल्या अभ्यासातून असा अंदाज निघाला की एका माणसाच्या रक्तात मायक्रोफायलेरिया दिसू लागण्यासाठी संसर्गी डासांचे सरासरी पंधरा हजारांहून अधिक चावे लागतात. म्हणूनच चार दिवस पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला हत्तीरोग सहसा होत नाही. तो होतो त्या गावात वर्षानुवर्षे रात्री काढणाऱ्याला. इतका अकार्यक्षम प्रसार असूनही रोग हजारो वर्षे टिकून आहे. याचा अर्थ इतकाच की आपण डासांना चावण्याची संधी अमाप दिली.

जुन्या वैद्यांनी या रोगाची नोंद बारकाईने घेतली होती. सुश्रुतसंहितेत श्लीपदाचे, म्हणजे हत्तीरोगाचे, वर्णन आहे, आणि जिथे जुने पाणी साचून राहते व बाराही महिने गारवा असतो अशा प्रदेशांत हा रोग विशेष होतो, असे निरीक्षणही त्यात आहे. पाणी आणि सुजलेला पाय यांचे नाते इतक्या लवकर कुणी जोडावे हे थक्क करणारे आहे. मात्र यातून प्राचीनांना डासाचे कार्य ठाऊक होते, असा जो निष्कर्ष अधूनमधून काढला जातो तो मला मान्य नाही. रोगाचा भूगोल ओळखणे आणि त्याचा वाहक ओळखणे या वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्यांतली पहिलीच पुरेशी मोठी आहे. पुढच्या अनेक शतकांत तीही विसरली गेली. सोळाव्या शतकाच्या शेवटी गोव्यात आर्चबिशपच्या पदरी काही वर्षे काढलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने दक्षिणेतल्या अशा पायांबद्दल लिहिले आणि ते संत थॉमसच्या मारेकऱ्यांच्या वंशजांना भोवलेल्या शापाचे फळ आहे, ही समजूतही नोंदवली. पायावरच नजर खिळली की कारण त्या पायाच्या मालकातच शोधले जाते, मग ते पाप असो, शाप असो, नाहीतर खानदान.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाने ही नजर प्रथम हलवली. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये देमार्के यांना अंडवृद्धीच्या पाण्यात सूक्ष्म जंत दिसले. १८६६ मध्ये ब्राझीलच्या बाहियात वुचेरर यांना ते दुधाळ लघवीत आढळले. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी ते माणसाच्या रक्तात पाहिले. आणि १८७६ मध्ये ब्रिस्बेनमध्ये जोसेफ बॅन्क्रॉफ्ट यांच्या हाती प्रौढ मादी लागली. चार देशांत विखुरलेले हे तुकडे एकाच प्राण्याचे होते. पण ती पिल्ले रक्तातून बाहेर कशी पडतात, हा प्रश्न शिल्लकच होता. चीनच्या अमॉय बंदरात सीमाशुल्क खात्याचे डॉक्टर असलेल्या पॅट्रिक मॅन्सन यांनी तर्क केला की रक्त पिणारा एखादा कीटक त्यांना बाहेर काढत असावा. १८७७ मध्ये त्यांनी आपल्या संसर्गित माळ्याला डास सोडलेल्या खोलीत झोपवले, त्याचे रक्त प्यालेले डास एकेक करून चिरले आणि त्यांच्या शरीरात जंताचे पिल्लू वाढताना पाहिले. माणसाच्या रोगाचा जंत कीटकाच्या शरीरात वाढतो, हे त्याआधी कुणी दाखवले नव्हते. उष्णकटिबंधीय वैद्यकाची सुरुवात बरेच जण इथूनच मानतात, आणि ते योग्यच आहे. वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा परजीवी डासात शोधला तो मॅन्सन यांच्याच सल्ल्याच्या आधाराने.

पण मॅन्सन अर्ध्या वाटेवर थांबले होते. डास आयुष्यात एकदाच रक्त पितो, पाण्यावर अंडी घालतो आणि तिथेच मरतो, असे ते मानत. त्यामुळे मेलेल्या डासातले जंत पाण्यात पसरतात आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो दोन दशके टिकला. १९०० साली जॉर्ज कार्माइकल लो यांनी लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेल्या डासांचे अत्यंत पातळ छेद घेतले आणि जंत सोंडेत पुढे सरकत असल्याचे दाखवले. म्हणजे रोग चाव्यातून येतो, पिण्याच्या पाण्यातून नव्हे. डास आहे हे कळणे पुरेसे नव्हते. डास नेमके काय करतो हे कळेपर्यंत पाणी उकळून पिणे हाच उपाय ठरत होता. मॅन्सन यांच्याच दुसऱ्या एका निरीक्षणाला मात्र आजवर धक्का लागलेला नाही. मायक्रोफायलेरिया बाहेरच्या रक्तात रात्री येतात, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान सर्वाधिक, आणि दिवसा फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत दडून बसतात. १८८१ मध्ये मॅकेन्झी यांनी एका रुग्णाच्या झोपेची वेळ उलटी केली, तेव्हा जंतांची वेळही उलटली. त्यांचे घड्याळ माणसाच्या झोपेला बांधलेले आहे, आणि ती झोप रात्री चावणाऱ्या क्युलेक्स डासाच्या वेळेशी जुळते. आरोग्य कर्मचारी आजही रात्री उशिरा दारोदार फिरून बोटातून रक्ताचा थेंब घेतात तो याच कारणाने.

क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस हा भारतातला मुख्य वाहक, आणि त्याची आवडनिवड कळली की रोगाचा नकाशा उलगडतो. त्याला स्वच्छ पाणी फारसे रुचत नाही. उघडी गटारे, तुंबलेली नाली, सांडपाण्याचे डबके, झाकण नसलेली संडासाची टाकी ही त्याची प्रसूतिगृहे. भंडारा-गोंदियातल्या रोगाचा संबंध तिथल्या मालगुजारी तलावांशी आणि धानाच्या बांध्यांशी लावला जातो. या डासाचा स्वभाव पाहता दोष तलावांपेक्षा घरामागच्या मोरीला द्यायला हवा. इतरत्र चित्र निराळे आहे. केरळात चेर्तलाच्या आसपास ब्रुगिया मलायी पसरवणाऱ्या मॅन्सोनिया डासाच्या अळ्या पिस्टिया या पाणवनस्पतीच्या मुळांना चिकटून श्वास घेतात, म्हणून तिथे वनस्पती काढणे हाच डासावरचा उपाय ठरला. निकोबारच्या काही बेटांवर वाहक दिवसा चावतो आणि जंतही त्यानुसार वागतात. नकाशातली ही विविधता पाहून एका विचारधारेने असे मानले की डासाला हटवले की रोग हटला. पुदुच्चेरीच्या वाहक नियंत्रण संशोधन केंद्राने १९८१ ते १९८५ या काळात शहरभर गटारे, विहिरी, टाक्या यांवर एकत्रित काम करून ही भूमिका कसाला लावली. डास खरोखर कमी झाले. काम सैल पडले तसे ते परतले. शहर उघडी गटारे बांधणे थांबवत नाही तोवर अशा नियंत्रणाला सुट्टी नसते, हा त्यातून निघणारा अर्थ.

दुसरी विचारधारा औषधाची. १९४७ मध्ये डीईसी हे औषध जंतांवर प्रभावी असल्याचे कळले आणि १९५५ मध्ये भारताने राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीचा मार्ग होता रक्त तपासा, जंत सापडतील त्याला औषध द्या. रात्रीच्या तपासणीत किती माणसे सापडणार आणि त्यांतली किती जण बारा दिवस गोळ्या घेणार, हे सांगायला नको. चीनने काही प्रांतांत डीईसी मिसळलेले मीठच घराघरांत पोचवले आणि २००७ मध्ये रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या उरला नसल्याची मान्यता मिळवली. जगाने शेवटी निवडला तो मधला मार्ग : तपासणी न करता रोगग्रस्त भागातल्या सर्वांना वर्षातून एकदा औषध. १९९७ च्या जागतिक आरोग्य सभेच्या ठरावानंतर २००० साली जागतिक कार्यक्रम उभा राहिला, तेव्हा सुमारे १२ कोटी लोक संसर्गित मानले जात होते; २०१८ पर्यंत हा अंदाज ५.१ कोटींवर आला. श्रीलंका, मालदीव, थायलंड, इजिप्त, टोगो, बांगलादेश, अलीकडे ब्राझील, असे एकेक देश यादीतून बाहेर पडले. भारतात सार्वत्रिक औषधोपचार मोहीम २००४ पासून चालू आहे. डीईसीच्या जोडीला अल्बेंडाझोल आले, आणि २०१८-१९ पासून निवडक जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांचा डोस सुरू झाला. त्या पहिल्या जिल्ह्यांत नागपूरही होते. आफ्रिकेत ज्या भागांत नदीकाठचे अंधत्व आहे तिथे डीईसी देता येत नाही, कारण त्या रोगाचे डोळ्यांतले जंत मरताना डोळेच धोक्यात येतात. एकच औषध जगभर चालत नाही, ते असे.

या धोरणावरचा पहिला आक्षेप गावागावांत ऐकू येतो, आणि तो अडाणीपणाचा मुळीच नाही : मला काही झालेले नाही, तर मी गोळ्या का खाऊ? याचे नेहमीचे उत्तर समाजहिताचे असते, इतरांसाठी खा. ते खरे आहे, पण अपुरे आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९९० च्या दशकात सोनोग्राफीच्या पडद्यावर लसिकावाहिन्यांत वळवळणारे जिवंत जंत दिसले, ते कसलीही तक्रार नसलेल्या पुरुषांमध्ये. त्यांच्या वाहिन्या आधीच फुगलेल्या होत्या. पुढे लहान मुलांमध्येही असे बदल आढळले. म्हणजे ज्याला आपण निरोगी म्हणतो तो बहुधा अजून न सुजलेला रुग्ण असतो, आणि गोळी त्याच्या स्वतःच्याच कामाची असते. दुसरा आक्षेप औषधाच्या त्रासाचा. गोळी घेतल्यावर ताप, डोकेदुखी, मळमळ होते ती बऱ्याचदा रक्तातले जंत मरत असल्यामुळे. ज्याला त्रास झाला त्याच्या शरीरात जंत असण्याची शक्यताच अधिक. हे आधी सांगितले तर त्रास सुसह्य होतो. नंतर सांगितले तर ती सारवासारव वाटते आणि पुढच्या वर्षी गोळ्या उंबरठ्यावरच राहतात. मोहिमेचे खरे दुखणे इथे आहे. वाटलेल्या गोळ्या आणि गिळलेल्या गोळ्या यांच्यातली तफावत भारतातल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा समोर आली. म्हणून आता आशा सेविकेने आपल्यासमोर गोळ्या खाऊ घालाव्यात, असा आग्रह आहे. तरीही दर फेरीत गोळ्या टाळणारी माणसे बहुधा तीच ती असतात, आणि प्रसार त्यांच्यात तग धरून राहतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतक्या फेऱ्या झाल्या, तरी रोग का जात नाही? गोळ्या टाळणे हे अर्धे उत्तर झाले; उरलेले डासाकडे आहे. ॲनोफिलीस डासाने रक्तासोबत थोडेच जंत गिळले तर त्याच्या घशातले काटे त्यांतले बरेचसे फाडून टाकतात, आणि प्रसार आपोआप विझतो. क्युलेक्समध्ये तसे होत नाही. रक्तात अगदी विरळ जंत असले तरी तो ते पुढे नेऊ शकतो. त्यामुळे जिथे वाहक ॲनोफिलीस आहे तिथे जी पातळी गाठली की काम संपते, तिथेच थांबून भारतात चालणार नाही. मायक्रोफायलेरियाचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणणे आणि नंतर सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी करणे, हे निकष उपयुक्त आहेत. ती मुले मोहिमेच्या काळात जन्मलेली, म्हणून त्यांच्यात संसर्ग नसणे ही प्रसार थांबल्याची चांगली खूण. पण गटार-डासाच्या मुलुखात निकष पार पडल्यावरही नजर ठेवावी लागेल. औषधवादी आणि डासवादी यांचे जुने भांडण इथे निरर्थक ठरते. गोळ्यांनी जंत विरळ करायचे आणि ते विरळ असतानाच डासांची वाट अडवायची : टाकीच्या वायुनळीला जाळी, सांडपाण्याला शोषखड्डा, वाहती नाली. यातले काहीही आरोग्य खात्याच्या एकट्याच्या हातात नाही, हीच अडचण.

राहिला तो पाय. या रोगाने माणूस मरत नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कधी उघड तर कधी आडून विचारला जातो. जगात अंदाजे अडीच कोटी पुरुषांना अंडवृद्धी आणि दीड कोटींहून अधिक लोकांना सूज, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर त्या माणसांच्या दिवसांत आहे. बुजलेल्या लसिकावाहिन्यांमुळे पायाची कातडी संसर्गाला उघडी पडते, बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांतून साधे जिवाणू आत शिरतात, आणि दर काही महिन्यांनी थंडी-तापासह पाय पेटतो. प्रत्येक झटक्यागणिक पाय थोडा अधिक जाड होतो. म्हणजे पाय वाढवत नेणारा कर्ता या टप्प्यावर जंत नसून जिवाणू असतात, आणि त्यांच्यावरचे उपाय साधे आहेत : रोज साबण-पाण्याने धुणे, बेचक्यांसह नीट कोरडे करणे, चिरांना मलम, पाय उंचावर ठेवणे, मापाची चप्पल. रेसिफेत जेरुसा ड्रेयर यांच्या चमूने हे रुग्णांसोबत बसून घडवले, आणि झटके कमी होतात हे दाखवले. अंडवृद्धीवर तर शस्त्रक्रिया आहे. तरी कार्यक्रमांच्या कागदावर रुग्णसेवा ही गोळ्यांनंतरची, जमल्यास करायची बाब राहिली. याचे कारण तर्कशुद्धच दिसते : हे रुग्ण रोग पसरवत नाहीत, म्हणून प्रसार थांबवण्याच्या हिशेबात त्यांना जागा नाही. पण गावाच्या हिशेबात तेच तर हत्तीरोग आहेत. आपल्या घरातल्या सुजलेल्या पायाकडे कुणी वीस वर्षांत पाहिले नाही, तर त्या घरातला धडधाकट मुलगा आरोग्य सेविकेच्या हातून गोळी विश्वासाने का घेईल? रुग्णसेवा आणि प्रसाररोध यांना दोन वेगळी खाती मानणे शास्त्राच्या दृष्टीने सोपे असेल. माणसांच्या दृष्टीने ते चुकीचे आहे.

या पुस्तकात परजीवीशास्त्र, कीटकशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या वाटा एकत्र आणल्या आहेत, आणि त्या मराठीत आणल्या आहेत, याला माझ्या लेखी महत्त्व आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन केले. ते काम वर्ध्याच्या मातीत झाले, पण वर्ध्याच्या वाचकाला ते इंग्रजी नियतकालिकांतच शोधावे लागते. लेखकांनी हे डॉक्टरांसाठी हस्तपुस्तक म्हणून लिहिलेले नाही, आणि औषधांच्या मात्रा पाहायला ते उघडू नये. रोगाची साखळी कुठे कच्ची आहे हे ज्याला स्वतः तपासायचे आहे, अशा वाचकाला त्यांनी समोर ठेवले आहे : आशा सेविका, ग्रामपंचायतीचा सदस्य, विज्ञान शिकवणारा शिक्षक, नालीचे अंदाजपत्रक करणारा अभियंता. काही ठिकाणी माझे त्यांच्याशी जमत नाही. भारताने २०२७ पर्यंत हत्तीरोगाचे दुरीकरण करण्याचे लक्ष्य ठेवले आहे, आणि लेखक त्याबाबत माझ्यापेक्षा आशावादी आहेत. क्युलेक्सच्या बाबतीत मला अजून शंका आहेत. डास पकडून त्यांच्यातच जंताचा शोध घेण्याची पद्धत शेवटच्या टप्प्यातली पाळत सोपी करील, असे त्यांचे म्हणणे आहे. ते पटण्यासारखे आहे, पण प्रयोगशाळा, मनुष्यबळ आणि पकडलेल्या डासांची संख्या यांचा मेळ तालुका पातळीवर कसा बसेल, याची चर्चा अधिक हवी होती. पुढच्या आवृत्तीत ती येईल, अशी अपेक्षा आहे.